पेण-रोह्याकडील परसबाग : लागवड आणि राखण

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांवर पाऊस सारखाच कोसळतो. जूनपासून सप्टेंबरअखेर तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी पडते आणि पुढील आठ महिने आभाळ जवळजवळ कोरडे असते. घाटावरील परसबागेचा आराखडा जसाच्या तसा येथे उचलून आणला की तो पहिल्याच आषाढात वाहून जातो, हा अनुभव नवा नाही. तेथे पाणी साठविण्यासाठी आळे खोल करतात; येथे तेच आळे वेलाची थडगी ठरते. चार महिने पाणी बाहेर काढून लावणे, आणि उरलेल्या काळात, विशेषतः माघानंतर, पाणी जपणे व खारेपाटात त्यासोबत मीठही आवरणे, ही दोन्ही कामे ज्या परसात साधली तेथेच बारा महिने काही ना काही भाजी निघते. बियाणे, खत, औषध या गोष्टी त्यानंतरच्या होत.

या भागातील जेवणात भात आहे, मासळी आहे, वाल आहे. हिरव्या भाजीची बाजू मात्र लंगडी आहे. पावसाळ्याच्या आरंभी टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे, कंटोळी अशा रानभाज्या काही आठवडे पुरवठा करतात आणि त्या विकून कातकरी-ठाकूर भगिनींच्या हाती चार पैसेही येतात. एरवी पुष्कळशी भाजी घाटावरून गाडीने येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत, आणि त्यांत बटाटा, रताळे यांसारखे पिठूळ कंद धरलेले नाहीत. पाच माणसांच्या घराला हा हिशेब दिवसाला दोन किलोचा होतो. गावातील किती घरांत एवढी भाजी रोज शिजते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःशीच पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के, रक्तक्षयी आढळल्या. परसातील माठ, शेवगा आणि लिंबाचे झाड हा त्यावरील एकमेव उपाय नव्हे. परंतु दारात असणारा, रोज हाताशी येणारा उपाय तोच आहे.

एका गुंठ्यातून पाच माणसांची संपूर्ण गरज भागेल असे आश्वासन कोणी देऊ नये. नीट आखलेल्या एका गुंठ्यातून पालेभाजी, मिरची, कोथिंबीर व वेलभाज्या यांचा बाजारखर्च बराच कमी होतो, एवढे खात्रीने म्हणता येईल. अर्धा गुंठा असेल तर अर्धा गुंठा, आणि तोही नसेल तर पडवीच्या पुढील दोन वाफे व छपरावर चढविलेला एक दुधीचा वेल, येथून आरंभ करावा.

खारेपाटातील परस

धरमतर खाडीच्या काठची शिर्की, वाशी, वढाव, भाल ही पेण तालुक्यातील गावे खारेपाटाची. खाडीला बांध घालून, उघाड्या बसवून पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन भाताखाली आणली गेली. मुंबई राज्याने १९४८ मध्ये खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला आणि महाराष्ट्रात १९७९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. बांध फुटला की भातशेती जाते, हे सर्वांना दिसते. बांध शाबूत असतानाही घरामागचा माठ का जळतो, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही.

त्याचे कारण असे. खारेपाटात भूगर्भातील पाणी वर, जमिनीच्या जवळ असते आणि ते खारे असते. पावसाळ्यात वरून पडणारे गोडे पाणी मिठाला खाली दाबून ठेवते व काही मीठ धुऊन नेते. म्हणूनच त्याच जमिनीत भात येतो. पाऊस थांबला, ऊन तापू लागले की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते. पाणी उडून जाते आणि मीठ वर राहते. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवर जी पांढरी पापडी दिसते ती हीच. रोपाच्या मुळाशी पाणी असूनही मिठामुळे ते त्याला शोषता येत नाही. पानांच्या कडा करपतात, घरधनीण आणखी पाणी घालते, आणि ते पाणी जर खाऱ्या विहिरीचे असेल तर दुखणे वाढतच जाते.

यावर उपाय म्हणजे मातीचा खालच्या खाऱ्या थराशी असलेला हा संबंध तोडणे. वाफा सव्वा मीटर रुंद व सोयीप्रमाणे लांब घ्यावा आणि तो जमिनीपासून दीड फूट तरी उंच करावा. तळाशी विटांचे तुकडे, जाडसर खडी अथवा नारळाच्या सोडणांचा चार ते सहा इंचांचा थर द्यावा. या थरात मातीसारखी बारीक छिद्रे नसल्यामुळे खालचे खारे पाणी वर चढू शकत नाही. त्यावर डोंगराकडील तांबडी माती दोन भाग व चांगले कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण भरावे. बाजूंना फुटकी कौले, चिरे अथवा बांबूच्या कामट्या लावाव्यात, म्हणजे पावसात वाफा ढासळत नाही. एक गाडी तांबडी माती आणण्याचा खर्च अनेकांना जड वाटतो. परंतु असा एक वाफा पाच-सहा वर्षे चालतो, आणि साध्या खाऱ्या जमिनीत दरवर्षी फुकट जाणारे बी-खत पाहता तो खर्च महाग नाही. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या धुऊन, तळाला भोके पाडून त्यांत हीच माती भरावी. वांगी, मिरची, टोमॅटो गोणीत उत्तम येतात.

वाफ्यावर पेंढ्याचे किंवा भाताच्या तुसाचे दोन इंच आच्छादन उन्हाळ्यात कायम असावे. पेणला पोह्यांच्या व भाताच्या गिरण्या आहेत. तूस मिळविणे अवघड नाही. आच्छादनामुळे पाणी उडण्याचे थांबते आणि पाणी न उडाले म्हणजे मीठही वर येत नाही. सरी-वरंब्यावर लागवड करावयाची असल्यास रोप वरंब्याच्या माथ्यावर लावू नये, कारण मीठ माथ्यावरच गोळा होते. ते वरंब्याच्या बगलेत, मध्याच्या थोडे खाली लावावे.

कोणती भाजी किती मीठ सोसते, यातही मोठा फरक आहे. श्रावणघेवडा, गाजर, कांदा, मुळा व मिरची फार नाजूक आहेत. पालक व टोमॅटो मध्यम आहेत. बीट व चवळी त्यांहून काटक आहेत. फळझाडांत नारळ व चिकू मिठाला चांगले तोंड देतात. मातीचा नमुना तपासून घेतल्यास क्षारांचा आकडा मिळतो. तो ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरहून अधिक असेल तर ती जमीन खारवट समजतात, परंतु वर सांगितलेल्या नाजूक भाज्या त्याच्या निम्म्यापेक्षा कमी आकड्यालाही कष्टी होतात. अहवाल येईपर्यंत घरच्या घरी एक चाचणी करता येते. दोन वाट्या घ्याव्यात, एकीत परसातील माती व दुसरीत चांगली तांबडी माती भरावी, दोहोंत वीस-वीस मुळ्याचे बी पेरावे व पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणी द्यावे. आठ दिवसांत दोन्ही वाट्यांतील उगवणीचा फरक पाहिल्यास पुष्कळ समजते. खारजमिनीसंबंधी शंका असल्यास पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. खारेपाटासाठीच्या ‘पनवेल’ नावाच्या भातजाती याच केंद्राच्या होत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हेटवण्याचे धरण पेण तालुक्यात असले, तरी खारेपाटातील अनेक गावांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ सोसली आहे. जेथे हंडाभर पाण्यासाठी वाट पाहावी लागते तेथे एप्रिलमध्ये पालेभाजी पिकविण्याचा आग्रह कार्यकर्त्याने धरू नये. खारेपाटाचा परसबागेचा हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी हा होय. पावसाने मीठ धुऊन निघालेले असते, ओल असते, हवा थंड होत जाते. या सहा महिन्यांत दोन पिके काढून, उन्हाळ्यात फक्त शेवगा, कढीपत्ता, लिंबू व एखादी केळ जगवावी, हे शहाणपणाचे.

गणपतीच्या कारखान्यांतील उरलेले प्लास्टर परसात घातले तर खारेपणा जातो का, असे पेणकडे विचारले जाते. प्लास्टर भिजून घट्ट झाले म्हणजे ते रसायनदृष्ट्या जिप्समच असते, हे खरे. परंतु जिप्सम उपयोगी पडते ते चोपण जमिनीत, आणि तेही माती तपासल्यावर. रंग लागलेले तुकडे तर भाजीच्या मातीत मुळीच जाऊ देऊ नयेत.

रोह्याकडील परस

रोह्याकडे चणेऱ्याच्या खाडीलगतचा पट्टा सोडला तर मिठाची पीडा नाही. तेथील अडचण उताराची. डोंगराच्या कुशीतील वाड्यांमध्ये वरकस जमिनीवरील तांबडी माती पावसासोबत खाली जाते व खाली मुरूम उघडा पडतो. अशा जागी वाफे उताराला आडवे करावेत आणि प्रत्येक वाफ्याच्या खालच्या कडेला गवती चहा अथवा अळू लावावे. तोच बांध होतो व तीच भाजी.

कोलाड, खांब, धाटाव या बाजूची गोष्ट निराळी. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून १९२७ पासून सुटणारे पाणी कुंडलिकेत येते. त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघणारे कालवे शेतीला पाणी देतात. कालव्याखालील गावांत उन्हाळी भाजी सहज घेता येते. परंतु तेथेही घराभोवतीची जमीन पाझराने सतत ओली राहिली की वांग्या-मिरचीची मुळे कुजतात. पाणी मुबलक आहे म्हणून वाफा सपाट ठेवावा, असे होत नाही. तेथेही अर्धा फूट उंचीचा गादीवाफा हवाच.

मोरीचे पाणी

आंघोळीचे व भांडी धुण्याचे पाणी बहुतेक घरांत पडवीच्या मागे वाहून डबके करते. पूर्वी भांडी राखेने घासली जात, तेव्हा ते पाणी सरळ अळवाला सोडले तरी बिघडत नसे. आता साबण, पावडर व कधी कधी जंतुनाशकेही त्यात असतात. म्हणून मोरीच्या तोंडाशी दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून तळाशी मोठे दगड, त्यावर खडी व वर वाळू भरावी. त्याच्या काठी कर्दळ लावावी आणि त्यातून झिरपणारे पाणी केळ, नारळ, अळू यांना द्यावे. कोथिंबीर, मुळा, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर हे पाणी शिंपडू नये. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी खारेपाटात तर परसाबाहेरच काढावे. जमिनीत आधीच असलेल्या क्षारात त्याची भर नको. तांदूळ, डाळी व भाज्या धुतल्याचे पाणी मात्र निर्धास्तपणे मिरचीला घालावे. दिवसाकाठी एक-दोन बादल्या पाणी असे सहज वाचते.

पावसाळी वेल

शिराळी, पडवळ, कारली, दुधी, काकडी, लाल भोपळा ही कोकणच्या पावसाळ्याची खरी संपत्ती. मे महिन्याच्या अखेरीस दोन फूट रुंद व दीड फूट खोल खड्डे काढून आठ दिवस तापू द्यावेत. मग प्रत्येकात दोन टोपल्या शेणखत, ओंजळभर राख व माती भरून वर अर्ध्या फुटाचा उंचवटा करावा. बी त्या उंचवट्यावर लावावे. प्रत्येक ठिकाणी चार बिया लावून पुढे दोन जोमदार रोपे राखावीत. कारल्याचे बी रात्रभर भिजविल्यास उगवण लवकर होते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कारल्याची ‘कोकण तारा’, शिराळ्याची ‘कोकण हरिता’ व पडवळाची ‘कोकण श्वेता’ या जाती येथील पावसातच पारखून दिल्या आहेत. बाजारातील रंगीत पाकिटापेक्षा त्या आधी विचाराव्यात.

तोंडली बियांपासून लावू नयेत. बियांच्या रोपांत नर वेलही निघतात व ते फळत नाहीत. भरपूर फळणाऱ्या वेलाचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, चार-पाच डोळ्यांचे छाट घ्यावेत. कंटोळीचेही तसेच. कंद मादीचे लावावेत, दहाएक मादी वेलांमागे एक नर असू द्यावा.

मांडव डोक्याच्या उंचीचा असावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन गेले, तेव्हा माडपोफळींसोबत परसातील किती मांडव गेले याची कोणी मोजदाद ठेवली नाही. तशा वादळापुढे कोणताच मांडव टिकणार नाही. परंतु नेहमीच्या वाऱ्यातही जे मांडव पडतात ते मेढी उथळ पुरल्यामुळे. मेढ दोन फूट जमिनीत जावी, तिच्या बुडाला डांबर लावावे, आणि कोपऱ्यांच्या मेढींना बाहेरच्या बाजूने ताण द्यावा. मांडव घराच्या भिंतीला टेकवू नये. भिंत ओली राहते व वेलावरून उंदीर छपरात शिरतात.

पावसाळ्यात दुधी-शिराळ्याला फुले भरपूर येतात, लहान फळे धरल्यासारखी दिसतात आणि मग पिवळी पडून गळतात. याचा दोष खताला दिला जातो. वस्तुतः संततधारेत मधमाश्या व पतंग फिरत नाहीत आणि नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत पोचत नाही. ज्या फुलाच्या मागे छोटेसे फळ असते ते मादी, नुसता दांडा असतो ते नर. ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात व मधला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलके फिरवावा. दुधी, शिराळे, पडवळ यांची फुले सायंकाळनंतर उमलतात, म्हणून हे काम दिवेलागणीला करावे. काकडी, कारले, भोपळा यांच्यासाठी ते सकाळी लवकर करावे. घरातील मुले हे काम आवडीने करतात, आणि शाळेच्या परसबागेत तर हा उत्तम पाठ होतो.

थंडीचे पीक

भातकापणीनंतर रोह्या-पेणकडे वाल पेरतात, आणि थंडीत भांबुर्ड्याच्या पाल्यात पोपटी लागते. त्याविषयी येथील शेतकऱ्याला शिकवावे असे थोडेच आहे. एवढेच की गावठी वाल दिवस लहान झाल्याखेरीज फुलावर येत नाही. तो जूनमध्ये परसात लावला तर नुसता पाला वाढतो. लवकर शेंग हवी असल्यास विद्यापीठाची ‘कोकण भूषण’ ही बुटकी जात लावावी. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे सप्टेंबरमध्ये टाकून चार-पाच आठवड्यांनी लावावीत. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर एकदम सर्व वाफ्यात न पेरता दर पंधरा दिवसांनी हातभर जागेत पेरावी, म्हणजे भाजी एकदम येऊन वाया जात नाही. धने पेरण्यापूर्वी चोळून दोन भाग करावेत. उंच झाडे बागेच्या उत्तरेला असावीत. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेस शेवगा असला की सगळे वाफे सावलीत जातात.

रोपवाटिकेत रोपे बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. बी दाट पेरणे व पाणी साचणे ही त्याची मुख्य कारणे. वाफा उंच ठेवूनही रोग आला तर एक टक्का बोर्डो मिश्रण मुळाशी ओतावे. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात व शंभर ग्रॅम कळीचा चुना पाच लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र करावे. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची घ्यावीत. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहावा; त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा.

राखण

लागवड जमली तरी परसबाग राखणीत फसते. भातकापणी झाली की गुरे मोकळी सुटतात, आणि एका रात्रीत दोन महिन्यांचे काम संपते. वई नुसत्या वाळलेल्या काट्यांची असेल तर ती वर्षात कुजते. गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाच्या आरंभी फूटभर अंतराने पुरून, मध्ये निरगुडी लावून जिवंत कुंपण करावे. गिरिपुष्पाचा पाला खतालाही होतो. कोंबड्यांसाठी उगवत्या वाफ्यावर करवंदीच्या फांद्या पसराव्यात. वानरांपुढे कोणतीच युक्ती फार दिवस चालत नाही. जेथे त्यांचा त्रास नेहमीचा आहे तेथे सुरण, हळद, आले यांवर भर द्यावा, कारण त्यांस ती सहसा तोंड लावीत नाहीत.

रानडुकरांच्या भीतीने कुंपणाच्या तारेत घरातील वीज सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. हा गुन्हा आहे, आणि त्यात डुकरापूर्वी माणूस मरतो. अशी तार गावात कोठे दिसली तर कार्यकर्त्याने त्याच दिवशी ती काढावयास लावावी, तेथे भीड धरू नये.

पावसाळ्यात गोगलगायी कोवळी रोपे रात्रीत फस्त करतात. सायंकाळी वाफ्याच्या कडेला ओले गोणपाट पसरून ठेवावे. सकाळी त्याखाली त्या गोळा झालेल्या सापडतात. त्या चिमट्याने अथवा हातात पिशवी घालून उचलाव्यात व साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. वाफ्यावर मीठ टाकून त्या मारू नयेत. खारेपाटात मीठ विकत आणून जमिनीत घालणे यासारखा उलटा व्यवहार नाही. रात्री बत्ती घेऊन गोगलगायी वेचावयाच्या असल्यास पायांत बूट असावेत, कारण त्याच वेळी, त्याच ओलाव्यात सापही फिरतात.

वेलभाज्यांचा मोठा शत्रू फळमाशी. फळ वाकडे होते, टोचल्या जागी डिंक येतो, आत अळ्या असतात. अशी फळे खतखड्ड्यात टाकू नयेत. तेथे अळ्या मातीत शिरून नव्या माश्या होतात. ती दोन फूट खोल पुरावीत. कामगंध सापळे उपयोगी आहेत, परंतु त्यात एक चूक फार आढळते. आंब्याच्या बागेत लावतात त्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असते, आणि वेलभाज्यांच्या माशीला ते आकर्षित करीत नाही. तिच्यासाठी ‘क्यू-ल्यूर’ मागून घ्यावे. शिवाय सापळ्यात फक्त नर माश्या सापडतात, म्हणून किडकी फळे वेचण्याचे काम सापळा लावल्यावरही चालूच ठेवावे. दुधी-पडवळाची लहान फळे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळली, तर पावसाची उघडीप असताना चांगला बचाव होतो.

कोवळ्या वेलांवरील लाल भुंगे पहाटे थंडीने सुस्त असतात; तेव्हाच वेचावेत व दंवात पानांवर राख धुरळावी. भेंडीची पाने शिरांसकट पिवळी पडली तर तो केवडा रोग होय. पांढरी माशी तो पसरविते. रोगट झाड ताबडतोब उपटावे. एके काळी ‘पुसा सावनी’ ही जात या रोगाला दाद देत नसे, आता तिचा तो गुण राहिलेला नाही. ‘परभणी क्रांती’ अथवा ‘अर्का अनामिका’ घ्यावी. वांग्याचे शेंडे मलूल होऊन लोंबू लागले की आत अळी आहे असे समजून ते आठवड्याला छाटून नष्ट करावेत.

निंबोळी अर्काची शिफारस सर्वत्र केली जाते, परंतु या अतिपावसाच्या पट्ट्यात कडुनिंबाची झाडेच थोडी. म्हणून दुकानातील निंबोळी तेल लिटर पाण्यास पाच मिलिलिटर या प्रमाणात, थोडा साबण घालून, पाऊस नसलेल्या सायंकाळी फवारावे. मावा, तुडतुडे व पांढऱ्या माशीसाठी ते पुरेसे होते.

भातासाठी आणलेले व कोनाड्यात उरलेले औषध भाजीवर मारू नये, ही गोष्ट प्रत्येक घरी प्रत्यक्ष जाऊन सांगावी लागेल. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास २००५ पासून मनाई आहे. फोरेटचे दाणे भातशेतीत सर्रास टाकले जात; देशात त्यांच्या वापराची परवानगी २०२० च्या अखेरीस संपली. जुनी पाकिटे मात्र अजून माळ्यावर सापडतात. शेतातील भात कापून, मळून, भरडून मग ताटात येतो. परसातील मिरची सकाळी तोडून दुपारी चटणीत जाते. मधल्या काळात औषधाचा अंश कमी व्हावयास वेळच मिळत नाही. असे पाकीट घरात आढळल्यास ते मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे, ओढ्यात फेकू नये, आणि विल्हेवाटीसाठी तालुका कृषी कार्यालयास विचारावे.

बी धरणे

संकरित बियाण्याच्या फळाचे बी पुढील वर्षासाठी धरू नये. ते सारखे निघत नाही. गावठी व सुधारित जातींचे बी मात्र घरीच धरावे. वेलाचे पहिले फळ व शेवटची फळे सोडून, मधल्या बहरातील निरोगी, जातीला शोभणारे फळ खुणेची चिंधी बांधून पिकू द्यावे. काकडीचे बी गरासकट एक-दोन दिवस आंबवून मग धुवावे, म्हणजे त्यावरील बुळबुळीत आवरण निघून जाते. बी सावलीत वाळवावे, शेवटी अर्धा दिवस कोवळे ऊन द्यावे.

पूर्वी दुधी-शिराळी चुलीवर टांगून ठेवीत आणि धुराने बी कीडमुक्त राही. आता बऱ्याच घरांत गॅस आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बियांचा तो पहारेकरी गेला. त्याऐवजी पूर्ण वाळलेले बी चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून काचेच्या बरणीत भरावे, झाकणाच्या फटीला मेण लावावे आणि बरणीवर जात व महिना लिहून ठेवावा. वालाच्या बियांना राखेऐवजी किंचित खाद्यतेल चोळले तरी भुंगा लागत नाही. बरणी जमिनीवर न ठेवता फळीवर, कोरड्या जागी असावी. पुढच्या पावसाचे चार महिने हवेतील ओल तिला सर्वांत अधिक बाधते. मे महिन्यात खड्डे भरण्यापूर्वी त्यातील दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण पाहावी. सातांपेक्षा कमी उगवल्या तर त्या प्रमाणात बी दाट टाकावे. चारांखाली आल्यास नवे बी आणावे.